उधळलेल्या नोटांचं पुढे काय झालं?

‘फर्जी’ या मालिकेच्या पहिल्या पर्वाच्या अखेरीस पोलिस पाठीवर असताना सनी गाडीतून नोटा रस्त्यावर उधळतो. माणसं धावतात, वाहनं थबकतात, रस्ता तुंबतो आणि पाठलाग करणारे त्या गर्दीत अडकतात. राज आणि डीके या दिग्दर्शक जोडीची ही आठ भागांची मालिका १० फेब्रुवारी २०२३ रोजी प्राइम व्हिडिओवर आली, आणि तिचं नाव काढलं की अजूनही पहिल्यांदा याच प्रसंगाची आठवण निघते. पुढच्याच महिन्यात गुरुग्राममध्ये दोन तरुणांनी धावत्या मोटारीतून नोटा उधळत त्याची नक्कल केली, चित्रफीत पसरली आणि पोलिसांनी गुन्हा नोंदवला. प्रसंग थरारक आहे यात वाद नाही. माझी तक्रार कॅमेऱ्याबद्दल आहे. तो सनीबरोबर पुढे निघून जातो. वाकून नोटा वेचणारी माणसं मागे राहतात, ती कायमची.

ही तक्रार क्षुल्लक वाटू नये म्हणून थोडं नियमांकडे वळतो. खोटी नोट बँकेच्या खिडकीवर आली की रोखपाल ती परत देत नाही. तिच्यावर ती बनावट असल्याचा शिक्का बसतो, नोट जप्त होते आणि आणणाऱ्याच्या हातात एक पावती पडते. भरपाई शून्य. एका व्यवहारात चारपर्यंत नोटा सापडल्या तर महिन्याच्या एकत्रित अहवालातून पोलिसांना कळवलं जातं. पाच किंवा जास्त असल्या तर थेट गुन्हा नोंदवण्याची वेळ येते. खऱ्या नोटेवर धारकाला तेवढे रुपये देण्याचं गव्हर्नरचं वचन छापलेलं असतं. खोट्या नोटेच्या धारकाला मिळते ती फक्त पावती. म्हणजे खोट्या नोटेचं नुकसान ती छापणाऱ्याचं नसतं, ती पहिल्यांदा खपवणाऱ्याचंही नसतं. ते ज्याच्या हातात ती पकडली जाते त्याचं असतं, आणि तो बहुधा रोखीत पोट भरणारा माणूस असतो.

मी बेलापूरला राहतो. स्टेशनाजवळच रिझर्व्ह बँकेचं कार्यालय आहे, पण नोटेची खरी परीक्षा मला तिथे दिसत नाही. ती दिसते तुर्भ्याच्या घाऊक बाजारात. पहाटे पाचशेची नोट घेताना भाजीवाली ती उजेडाकडे धरते, अंगठा फिरवते आणि मगच कमरेच्या पिशवीत सरकवते. तिच्या अंगठ्याला जे खरखरीत लागतं त्यालाच छपाईच्या भाषेत उत्कीर्ण मुद्रण म्हणतात. धातूच्या पत्र्यावरच्या खोल रेषांतली शाई प्रचंड दाबाखाली कागदावर उचलली जाते आणि तिथे उठावदार राहते. पाचशेच्या नोटेवर दोन्ही कडांना पाच तिरक्या उठावरेषा असतात त्या दृष्टी नसलेल्यांसाठी. घाईत असलेल्या डोळसांनाही त्या उपयोगी पडतात. नोट तिरकी केली की सुरक्षाधागा हिरव्याचा निळा होतो. एवढं सगळं पाहायला बाजारात दोन सेकंद मिळतात. रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक अहवालानुसार २०२२-२३ मध्ये पाचशेच्या ९१,११० बनावट नोटा पकडल्या गेल्या, आदल्या वर्षापेक्षा १४.४ टक्क्यांनी जास्त. सापडलेल्या एकूण बनावट नोटांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक इतर बँकांनी पकडल्या. म्हणजे त्या आधी कुणाच्या तरी हातून निसटून, कुणाच्या तरी खिशातून फिरून आलेल्या होत्या.

‘फर्जी’ला हे कळत नाही असं नाही. तिचे सुरुवातीचे भाग कारागिरीबद्दल विलक्षण जागरूक आहेत. कागद, जलचिन्ह, शाई यांच्याशी सनी ज्या चिवटपणे झटतो ते पाहताना माणूस त्याच्या बाजूचा होऊन जातो. तो थोर चित्रांच्या नकला करून विकणारा चित्रकार. अस्सल हात असून अस्सल चित्राला गिऱ्हाईक नसलेला. आणि त्याला गुन्ह्याकडे ढकलतं ते आजोबांच्या ‘क्रांती पत्रिका’चं कर्ज. छापखाना वाचवण्यासाठी छापखान्यातच नोटा छापायच्या, हा पेच मराठी वाचकाला परका नाही. दिवाळी अंक काढणाऱ्या कुठल्याही संपादकाला विचारा. जाहिराती आल्या नाहीत तर त्याच्याही मनात काय काय येऊन जातं!

नानूंच्या भूमिकेत अमोल पालेकर आहेत, ही निवड मला मालिकेतली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. पालेकर जे. जे.मध्ये शिकलेले चित्रकार, नटाचा व्यवसाय पत्करण्याआधी बँकेत नोकरी केलेले. ‘गोल माल’मध्ये (१९७९) मिशी काढून ते स्वतःचीच खोटी प्रत झाले होते. चित्र, बँक आणि तोतया या तिन्ही गोष्टी ज्या नटाच्या वाटचालीत आहेत, तो इथे एकमेव बंदा रुपया म्हणून उभा राहतो. पण मालिका त्यांना आदर्शवादाच्या चौकटीत बसवते आणि त्यांच्या वृत्तपत्राचा वाचक कोण, हे कधी दाखवत नाही. वाचक दिसला असता तर नोट वेचणारा माणूसही कदाचित दिसला असता.

सनीच्या बाजूने मालिका एक युक्तिवाद पुढे करते: व्यवस्थाच खोटी, मग आपली नोट खोटी असली तर काय बिघडलं? त्याच्या मागावर असलेला मायकेलही मंत्र्याला कोंडीत पकडूनच आपलं पथक उभं करतो. मेघाशी सनीचं नातं तर तिच्या यंत्राचं रहस्य काढण्यासाठीच सुरू होतं. सगळेच थोडे थोडे बनावट, असा हा हिशेब. तो चतुर आहे, पण त्यात एक रक्कम गाळलेली आहे. मंत्री, पोलिस, तस्कर मन्सूर यांच्यात जी फसवणूक होते ती बरोबरीच्यांची असते. तुर्भ्याच्या बाजारात ती तशी नसते.

२०२३ मध्येच आलेल्या ‘स्कॅम २००३’मध्ये नाशिकच्या सरकारी मुद्रणालयातून यंत्रं बाहेर काढणारा तेलगी आहे. तिथली खोटी वस्तू मुद्रांक; तो मुख्यतः कचेऱ्यांत, बँकांत, कंपन्यांत जिरतो. नोट मात्र रस्त्यावर फिरते. नाझींच्या छावणीत बनावट पौंड छापायला लावलेल्या कैद्यांवरच्या ‘डी फेल्शर’ (२००७) या जर्मन भाषेतल्या चित्रपटात प्रश्न असा होता की जीव वाचवण्यासाठी उत्तम नक्कल करावी की मुद्दाम रेंगाळावं. तिथे कारागिरीचा अभिमान हाच नैतिक सापळा होता. ‘फर्जी’ त्या सापळ्याच्या अगदी काठापर्यंत येते. सनी शेवटी स्वतःच्या हाताने घडवलेली, जिच्यासाठी सर्वस्व पणाला लावलं ती वस्तू मूठमूठ भिरकावतो. कलाकार आपली कला उधळतो आहे. हा क्षण थांबून पाहण्याजोगा होता. दिग्दर्शकांना मात्र घाई आहे. पुढच्या पर्वासाठी धागे मोकळे सोडायचे आहेत.

त्या रस्त्यावर नोट उचलणाऱ्यांपैकी एकाच्या मागे कॅमेरा दहा मिनिटं गेला असता, तर? संध्याकाळी तो वाण्याकडे उधारी फेडतो. वाणी ती नोट दुसऱ्या दिवशी बँकेत भरायला नेतो. रोखपाल ती यंत्रातून काढतो, पुन्हा घालतो, आणि मग शिक्क्याकडे हात नेतो.