जेफ बक्लीचा ‘ग्रेस’ : एका गीताच्या छायेतील नऊ गीते

जेफ बक्ली या अमेरिकन गायकाचे नाव आज ज्या श्रोत्यांना परिचित आहे, त्यांतील फार मोठ्या वर्गाला ते ‘हालेलुया’ या एकाच गीतामुळे परिचित आहे. हे गीत बक्लीचे नव्हे. लेनर्ड कोहेन या कॅनडियन कवी-गायकाने ते १९८४ साली प्रथम प्रसिद्ध केले. बक्लीने ते आपल्या ‘ग्रेस’ या पहिल्या गीतसंग्रहात सहाव्या क्रमांकावर गायले. हा संग्रह कोलंबिया कंपनीने २३ ऑगस्ट १९९४ रोजी प्रकाशित केला. पुढे २९ मे १९९७ रोजी मेम्फिस येथे वुल्फ नदीच्या पात्रात बुडून तीस वर्षांच्या बक्लीचा अंत झाला. त्यामुळे त्याच्या हातून पूर्ण झालेला हा एकमेव संग्रह ठरला. (मराठी वाचकाला या शीर्षकाने कवी ग्रेस यांची आठवण होणे स्वाभाविक आहे, परंतु नामसादृश्यापलीकडे येथे काही संबंध नाही.)

प्रथम एक वस्तुस्थिती नोंदविली पाहिजे. बक्लीच्या हयातीत ‘हालेलुया’ हे गाजलेले गीत नव्हतेच. संग्रहातील जे गीत नभोवाणीवर काही अंशी लोकप्रिय झाले ते ‘लास्ट गुडबाय’. ते १९९५ साली अमेरिकेतील ‘ऑल्टर्नेटिव्ह रॉक’च्या गुणानुक्रमात एकोणिसाव्या स्थानापर्यंत गेले. संग्रह मात्र विक्रीच्या यादीत १४९ व्या स्थानापलीकडे चढला नाही. ‘हालेलुया’ची सुटी ध्वनिमुद्रिका २००७ साली, म्हणजे गायकाच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी निघाली. २००८ च्या मार्चमध्ये अमेरिकेतील डिजिटल विक्रीत ती अग्रस्थानी आली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ब्रिटनमध्ये ती दुसऱ्या स्थानी होती, आणि पहिल्या स्थानी याच गीताचे दुसऱ्या गायिकेने गायलेले रूप होते. २०१४ साली अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने बक्लीचे हे ध्वनिमुद्रण राष्ट्रीय संग्रहात जतनासाठी निवडले. सारांश, ही कीर्ती संग्रहाबरोबर जन्मलेली नाही; ती मागाहून येऊन त्याच्यावर बसलेली आहे.

अशा उत्तरकालीन कीर्तीने संग्रहाच्या आकलनात दोन विकृती निर्माण केल्या आहेत. पहिली अशी की, उरलेली नऊ गीते एका गीताची चौकट म्हणून ऐकली जातात. दुसरी अधिक घातक आहे. गायकाच्या अकालमृत्यूच्या प्रकाशात गीतांतील पाणी, रात्र, निरोप, मरण या प्रतिमांना भविष्यवाणीचा अर्थ चिकटविला जातो. ‘ग्रेस’ हे शीर्षकगीत निरोपाच्या प्रसंगातून निर्माण झालेले असून, प्रेमाचा आधार असता मृत्यूचे भय उरत नाही हा त्याचा भाव आहे. त्यात १९९७ ची दुर्घटना शोधणे म्हणजे चरित्राने कृतीचा ग्रास घेणे होय. चरित्र येथे उपयोगी आहे खरे, पण ते मृत्यूच्या बाजूने नव्हे, जन्माच्या बाजूने उपयोगी आहे.

बक्लीचा जन्म १७ नोव्हेंबर १९६६ रोजी कॅलिफोर्नियात झाला. त्याचा पिता टिम बक्ली हाही गायक होता. लोकसंगीतापासून जाझच्या प्रयोगापर्यंत गेलेला, विलक्षण विस्तृत स्वरपल्ला असलेला. त्याचा पहिला संग्रह पुत्रजन्माच्याच वर्षी निघाला. तोवर त्याने पत्नीला सोडले होते. जेफ आठ वर्षांचा असताना पितापुत्रांचा काही दिवसांचा सहवास घडला, आणि त्याच वर्षी, १९७५ मध्ये, टिम अमली द्रव्याच्या अतिसेवनाने अठ्ठाविसाव्या वर्षी वारला. पुत्राला त्याच्याकडून मिळाला तो केवळ कंठ. त्या कंठाचे साम्य इतके उघड होते की ते लपविणे अशक्य, आणि त्याचा अभिमान बाळगावा असे नातेही नाही. १९९१ च्या एप्रिलमध्ये ब्रुकलिनच्या सेंट अ‍ॅन चर्चमध्ये टिमच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमात जेफ पहिल्यांदा न्यूयॉर्कच्या श्रोत्यांपुढे आला. त्याने तेथे गायलेल्या गीतांत, टिमने ज्यात पत्नी व मुलापासून दूर होण्याचे समर्थन केले होते, ते गीतही होते. टाकून दिलेल्या मुलाने ते पित्याच्याच आवाजात गावे, यातील उपरोध स्पष्ट आहे.

‘ग्रेस’चा खरा विषय येथे सापडतो. आवाज रक्ताने मिळाला असेल तर तो स्वतःचा कसा करावयाचा, हा या संग्रहाचा प्रश्न आहे. बक्लीने त्याला दिलेले उत्तर साधे पण धीट आहे: रक्ताच्या वारशाऐवजी निवडलेला वारसा. दहा गीतांपैकी तीन परकी आहेत. ‘लायलॅक वाइन’ हे जेम्स शेल्टनचे १९५० सालचे रंगभूमीवरील गीत, ‘हालेलुया’ कोहेनचे, आणि ‘कॉर्पस क्रिस्टी कॅरल’ हे सोळाव्या शतकाच्या प्रारंभीच्या एका हस्तलिखितात आढळलेले इंग्रजी धर्मगीत, ज्याला बेंजामिन ब्रिटनने १९३३ मध्ये स्वरसाज चढविला. नाट्यगीत, आधुनिक कवीचे स्तोत्र, मध्ययुगीन कॅरल: वरवर पाहता ही निवड लहरी वाटते. परंतु ही तिन्ही गीते बक्लीकडे रचनाकारांकडून आलेली नाहीत. ती दुसऱ्या गायकांच्या कंठातून आलेली आहेत. ‘लायलॅक वाइन’ नीना सिमोनच्या १९६६ च्या गायनातून, ‘कॉर्पस क्रिस्टी’ जॅनेट बेकर या अभिजात गायिकेच्या ध्वनिमुद्रणातून, आणि ‘हालेलुया’ कोहेनच्या मूळ मुद्रणातून नव्हे, तर जॉन केलने १९९१ मध्ये पियानोवर गायलेल्या रूपातून. कोहेनच्या मुद्रणात वृंदगान आणि वाद्यांचा भरणा आहे. केलने कोहेनच्या विपुल कडव्यांतून निवड करून गीताला एकट्या माणसाचे केले. बक्लीने केलचाच पाठ स्वीकारला. म्हणजे येथे उसनी घेतली आहे ती गायकी; रचना तिच्या मागोमाग आली. बंदिश एक असली तरी घराणे तिला निराळे रूप देते, हे ज्याला ठाऊक आहे अशा श्रोत्याला हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. पित्यावाचून वाढलेल्या या गायकाने आपले घराणे स्वतः जुळविले, आणि त्यात दोन स्त्रियांना स्थान दिले, ही गोष्ट लक्षणीय आहे. ‘कॉर्पस क्रिस्टी’ तो बालगायकासारख्या पातळ, उंच स्वरात गातो. पित्याच्या आवाजापासून तो सर्वांत दूर गेला आहे तो येथे.

‘हालेलुया’ची स्थापना या दृष्टीने पाहिली म्हणजे ते गीत निराळेच ऐकू येते. मर्ढेकरांनी कलाकृतीच्या घाटासंबंधी संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे मांडली. ती मुख्यतः साहित्याच्या संदर्भात चर्चिली गेली असली तरी गीतांच्या अनुक्रमाला ती लावून पाहण्यासारखी आहेत. ‘हालेलुया’च्या अगोदरचे गीत ‘सो रिअल’ हे आहे. ते दबक्या स्वरात चालता चालता मध्येच गिटारींच्या कर्कश कल्लोळात फुटते आणि पुन्हा सावरते. त्या कल्लोळानंतर एक सुस्कारा ऐकू येतो आणि एकाच गिटारीवर ‘हालेलुया’ सुरू होते. सुटे ऐकताना हा सुस्कारा भावविवशतेचा वाटतो, नव्हे, अनेकांनी तो तसाच पूजिला आहे. अनुक्रमात तो दमलेल्या माणसाचा श्वास आहे. साडेसहा मिनिटांहून अधिक चालणाऱ्या या गीतात दुसरा कोणताही साथीदार नाही. दावीद राजाच्या स्तोत्रगायनाचा उल्लेख असलेल्या गीताला एका तंतुवाद्याची सोबत पुरेशी आहे, हा निर्णय औचित्याचा आहे. पुढे एक गीत सोडून ‘कॉर्पस क्रिस्टी’ येते तेव्हा या एकाकी स्तोत्राचा संवाद साधला जातो. तेथेही पवित्र शब्द आहेत आणि ते उच्चारणारा कंठ लौकिक आहे. अनुक्रमातून उपटून काढलेल्या ‘हालेलुया’ला हा विरोधही नाही आणि हा संवादही नाही.

‘सो रिअल’चा संग्रहातील प्रवेश हाही या विवेचनाला पूरक असा पुरावा आहे. त्या जागी मुळात ‘फरगेट हर’ हे विरहाचे, सरळ चालीचे आणि सहज ओठांवर बसणारे गीत ध्वनिमुद्रित झाले होते. कंपनीला त्यात लोकप्रियतेची शक्यता दिसत होती. बक्लीने ते काढून टाकले आणि मायकेल टाय या नव्याने आलेल्या गिटारवादकाबरोबर रचलेले ‘सो रिअल’ तेथे घातले. व्यवहारदृष्ट्या हा निर्णय आत्मघातकी होता. ‘फरगेट हर’ २००४ च्या विस्तारित आवृत्तीत दुसऱ्या तबकडीवर प्रसिद्ध झाले. ते ऐकल्यावर ते टाकाऊ होते असे म्हणवत नाही; ते केवळ या दहांच्या मेळात बसणारे नव्हते.

स्वतंत्र गीतांपैकी पहिली दोन, ‘मोजो पिन’ आणि ‘ग्रेस’, ही गिटारवादक गॅरी लूकसच्या वाद्यरचनांवर बक्लीने शब्द व चाल बसवून तयार केलेली आहेत. लूकसचा परिचय त्या स्मृतिकार्यक्रमातूनच झाला होता. म्हणजे संग्रहाचा प्रारंभही पित्याच्या नावाने जमलेल्या सभेतून निघालेल्या सूत्राने होतो. ‘मोजो पिन’ शब्दाने सुरू होत नाही. गिटारीच्या अस्फुट नादावर एक निःशब्द गुणगुण येते, थबकते, पुन्हा वर चढते. रॉक संगीतातल्या पहिल्या गीताकडून जी ठाम मुद्रा अपेक्षित असते ती येथे हेतुतः नाकारलेली आहे. ‘लास्ट गुडबाय’बद्दल एवढेच सांगावे की, या गाजलेल्या गीताला पुन्हा पुन्हा येणारे रूढ ध्रुवपद नाही. निरोपाचा प्रसंग एका दिशेने पुढे सरकत जातो, मागे वळत नाही. लोकप्रियतेचे साधन न वापरता लोकप्रिय झालेले गीत म्हणून ते अभ्यासण्याजोगे आहे. कार्ल बर्जरने त्यात योजलेली तंतुवाद्ये मात्र काही ठिकाणी भावनेला अकारण गोड करतात. वुडस्टॉकजवळच्या बेअर्सव्हिल स्टुडिओत निर्माता अँडी वॉलेस याने साधलेला नाद एरवी संयत आहे. तेथे एवढा मोह टळला असता तर बरे झाले असते.

निवडलेल्या वारशातील एक नाव संग्रहाच्या श्रेयनामावलीत नाही, पण ते भारतीय उपखंडातील श्रोत्याला जाणवल्यावाचून राहत नाही. ते म्हणजे नुसरत फतेह अली खाँ. न्यूयॉर्कमधील ‘शिने’ या लहानशा कॅफेत एकट्याने गाताना बक्ली ‘ये जो हल्का हल्का सुरूर है’ ही कव्वाली उर्दूतून गात असे. तिचे मुद्रण २००३ मध्ये प्रकाशित झाले. १९९६ साली त्याने खाँसाहेबांची मुलाखत एका मासिकासाठी घेतली, आणि त्यांच्या एका संकलनाला प्रास्ताविकही लिहिले. ‘ग्रेस’मध्ये कव्वालीचे अनुकरण नाही, आणि ते नाही हे चांगले झाले. त्याने घेतली ती वृत्ती: एकच स्वरवाक्य पुनःपुन्हा उच्चारीत त्याचा ताण वाढवीत नेणे आणि शब्द अपुरा पडला की केवळ स्वरावर स्वार होणे. ‘ग्रेस’ गीताच्या अखेरीस जी किंकाळी आहे तिचा उगम रॉकच्या आक्रोशात जितका आहे तितकाच या निःशब्द स्वरविस्तारात आहे.

‘लव्हर, यू शुड्व्ह कम ओव्हर’ या सातव्या गीताच्या आरंभी हार्मोनियम वाजते. युरोपात जन्मून भारतात स्थिरावलेले हे वाद्य, ज्याला गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी मराठी रंगभूमीच्या संगीतात मानाचे स्थान मिळवून दिले, येथे एका अमेरिकन प्रेमगीताचे दार उघडते. मराठी श्रोत्याने मात्र तिला पेटीची साथ समजण्याची चूक करू नये. साथीची पेटी गळ्याचा माग काढते. येथील हार्मोनियम गळा येण्यापूर्वीच आपले काम संपविते. ती कॉर्ड धरून उभी राहते, चर्चमधल्या ऑर्गनसारखी, आणि सहा मात्रांच्या झोकात गिटार सुरू झाली की मागे सरते. गीत तारुण्याच्या उतावीळपणाने गमावलेल्या प्रेमाचा पश्चात्ताप आहे. ‘हालेलुया’तील अनुभवी, काहीशा कडवट प्रेमज्ञानानंतर ही कबुली येते. कोहेनचे शहाणपण उसने घेऊन झाल्यावर अठ्ठावीस वर्षांच्या आतला तरुण स्वतःच्या अनुभवाकडे वळतो, आणि उसन्यापेक्षा स्वतःचे अधिक समर्थपणे गातो. संग्रहातील सर्वश्रेष्ठ गीत निवडावयाचे झाल्यास हेच निवडावे लागेल.

‘इटर्नल लाइफ’विषयी फारसे लिहिण्याजोगे नाही. द्वेष आणि हिंसा यांविरुद्धचा त्यातील संताप प्रामाणिक असला तरी तो घोषणेच्या पातळीवर राहतो, आणि जड गिटारींचा आघात त्या काळच्या सर्वसाधारण रॉकपेक्षा निराळा नाही.

अखेरचे गीत ‘ड्रीम ब्रदर’. एका स्थिर स्वराभोवती फिरणारी गिटार, मागे मीशा मसूद याचा तबला, आणि त्यावर तरंगणारा, जवळजवळ आलापासारखा कंठ. तबला ठळक करून पौर्वात्य रंग भरण्याचा मोह येथे टाळलेला आहे. तो नीट कान देऊनच ऐकावा लागतो. गीत एका मित्राला उद्देशून आहे. मित्र आपल्या गर्भवती सहचरीला सोडून जाण्याच्या बेतात आहे. गायक त्याला विनवितो की, जो माणूस आपल्या मुलाला केवळ नाव देऊन निघून गेला, त्याच्यासारखा होऊ नकोस. संपूर्ण संग्रहात पित्याचा एवढाच एक निर्देश आहे, आणि त्यातही त्याचे नाव घेतलेले नाही.