मानपत्रात आपण कुठं आहोत?

नेत्याला परदेशातून पुरस्कार मिळाला की आमच्या राळेगावच्या बसस्टँडवर फ्लेक्स लागतो. नेता हात जोडून उभा, खाली शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो. मागं एका फ्लेक्सखाली उभा असताना आमच्या वस्तीतल्या कॉलेजच्या एका पोरानं मला विचारलं, "भाऊ, एवढ्या मोठ्या लोकायनं देल्ला, म्हणजे यानं काहीतरी केलंच असन ना?"

मी तेव्हा हसण्यावारी नेलं. घरी आल्यावर मात्र सवाल डोक्यातून जाईना. कारण हा सवाल त्या एकट्या पोराचा नाही. आपल्यातल्या पुष्कळांचा आहे. गोऱ्या माणसानं सर्टिफिकेट दिलं की आपली जीभ टाळूला चिकटते. म्हणून हे लिहितो आहे.

मी पुरस्कार वाचतो तो मानपत्रापासून. मानपत्र हाही लेखनाचा एक प्रकार आहे. कथेची, कवितेची आपण चिरफाड करतो, मग मानपत्राची का नको? मानपत्र वाचताना मी एकच गोष्ट पाहतो. वाक्यातला कर्ता कोण आणि कर्म कोण. 'यांनी गरिबांना अमुक दिले, दलितांचा तमुक उद्धार केला.' कर्ता कायम तो. आपण कायम कर्म. व्याकरणातच आपल्याला भिकेला लावून ठेवलं आहे.

लांब जायला नको. आपल्या तालुक्याच्या पलीकडं वर्धा नदी, नदीपल्याड वर्धा जिल्हा, तिथं पवनार. पवनारच्या विनोबा भाव्यांना १९५८ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुरस्काराचं ते पहिलंच वर्ष. कशासाठी? भूदानासाठी.

भूदान सुरू झालं १८ एप्रिल १९५१ रोजी, तेलंगणातल्या पोचमपल्लीत. तिथल्या अस्पृश्य कुटुंबांनी विनोबांकडं ८० एकर जमीन मागितली. रामचंद्र रेड्डी नावाच्या जमीनदारानं १०० एकर देऊ केली. गोष्ट इथवर सगळ्यांना पाठ आहे. पाठ नसतं ते हे, की त्या आधीची पाच वर्षं तेलंगणात कुळं आणि भूमिहीन हातात हत्यार घेऊन जमीन मागत होते. जमीनदारांच्या गढ्या हादरल्या होत्या. दान सुचलं ते या हादऱ्यानंतर.

आता पुरस्कार ज्याच्या नावाचा, त्याच्याकडं पाहा. रॅमन मॅगसेसे फिलिपिन्सचे अध्यक्ष होते. त्याआधी, १९५० पासून, ते तिथले संरक्षणमंत्री होते आणि हुक नावानं ओळखलं जाणारं शेतकऱ्यांचं सशस्त्र बंड त्यांनी मोडून काढलं. काही बंदुकीनं, काही जमीन देण्याच्या आश्वासनानं. १९५७ साली विमान अपघातात ते गेले आणि अमेरिकेतल्या रॉकफेलर बंधूंच्या निधीतून त्यांच्या नावाचा पुरस्कार उभा राहिला. भूमिहीनांचं बंड थंड करणाऱ्याच्या नावाचा पहिला पुरस्कार भूमिहीनांना शांतपणे थांबायला सांगणाऱ्याला गेला. मी कारस्थान म्हणत नाही. देणाऱ्याला जे आवडतं त्यालाच तो पुरस्कार देतो, एवढंच म्हणतो.

विनोबांवर अन्याय करायचा नाही. हा माणूस वर्षानुवर्षं पायी हिंडला. खुर्ची मागितली नाही, बंगला बांधला नाही. आजच्या पुढाऱ्यांच्या रांगेत त्यांना उभं करणं खोटेपणाचं होईल. पण सवाल माणूस चांगला की वाईट हा नाहीच. १९५७ पर्यंत पाच कोटी एकर गोळा करू म्हणाले होते. दानपत्रं झाली चाळीस लाख एकरांच्या आसपास. त्यातली कितीतरी जमीन खडकाळ, कितीतरी कोर्टकज्ज्यातली, कितीतरी नुसती कागदावर. भूमिहीनाच्या हातात पडली ती त्याहून फारच कमी. आणि जी पडली ती दान म्हणून. हक्क म्हणून नाही. ज्याच्या बापजाद्यांनी ती जमीन कसली त्यानंच ती ओंजळ पसरून घ्यायची, आणि ज्यानं बळकावली त्यानं दाता व्हायचं. पुढं आणीबाणी आली तेव्हा याच विनोबांनी तिला 'अनुशासन पर्व' म्हटल्याचं गाजलं. ज्याला मालकाचं मन वळवायची सवय लागते त्याला मालकाच्या हातातला आसूडसुद्धा शिस्त वाटायला लागतो.

त्याच काळात महाराष्ट्रात दुसरा एक माणूस जमीन मागत होता. दादासाहेब गायकवाड. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहातले बाबासाहेबांचे सहकारी. विनोबांना पुरस्कार मिळाला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९५९ साली, रिपब्लिकन पक्षानं भूमिहीनांचा सत्याग्रह केला. १९६४च्या ६ डिसेंबरपासून पुन्हा केला, आणि या वेळी देशभर. मागणी सरळ होती : पडीक आणि सरकारी जमीन कसणाऱ्याच्या नावानं करा. बाबासाहेबांचं तैलचित्र संसदेत लावा, अशीही एक मागणी होती. बाया लेकरं काखेत घेऊन तुरुंगात गेल्या. तुरुंग अपुरे पडले.

या बायांना कुठला मॅगसेसे मिळाला? दादासाहेबांना १९६८ साली पद्मश्री मिळाली. पद्म पुरस्कारांतली सगळ्यात खालची पायरी. विनोबांना १९८३ साली, मरणोत्तर, भारतरत्न.

जमीन एकच. भूमिहीन तोच. जो दान मागतो त्याला जगाचा पुरस्कार, जो हक्क मागतो त्याला तुरुंगाची भाकर. हा हिशेब समजला की बाकीचे पुरस्कार वाचायला सोपे जातात.

आता आजच्या काळात या. २४ सप्टेंबर २०१९. न्यूयॉर्क. बिल आणि मेलिंडा गेट्स फाऊंडेशननं पंतप्रधान नरेंद्र मोदींना 'ग्लोबल गोलकीपर' पुरस्कार दिला. कशासाठी? स्वच्छ भारत अभियानासाठी. शांततेचं नोबेल मिळालेल्या शिरीन एबादी, तवक्कुल करमान आणि मायरीड मॅग्वायर या तिघींनी फाऊंडेशनला पत्र लिहून पुरस्कार देऊ नका म्हटलं. काश्मीरचा आणि अल्पसंख्याकांवरच्या हल्ल्यांचा सवाल त्यांनी मांडला. फाऊंडेशननं ऐकलं नाही. आम्ही फक्त संडासाच्या कामाला पुरस्कार देतो, असा त्यांचा पवित्रा.

ठीक आहे. फक्त संडासाचंच बोलू.

दुसऱ्याच दिवशी, २५ सप्टेंबरला, मध्यप्रदेशातल्या शिवपुरी जिल्ह्यात भावखेडी गावी वाल्मिकी समाजाच्या दोन लेकरांना लाठ्यांनी मारून टाकलं. सकाळी उघड्यावर शौचाला बसली होती म्हणून. एक बारा वर्षांची पोरगी, एक दहा वर्षांचा पोरगा. गाव कागदोपत्री हागणदारीमुक्त होतं. लेकरांच्या घरी संडास नव्हता. आणि पुढच्या आठवड्यात, २ ऑक्टोबरला, साबरमतीच्या काठी अख्खा ग्रामीण भारत हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा झाली.

कोणी म्हणेल, एका गावातला गुन्हा पंतप्रधानांच्या माथी कशाला मारता? बरोबर आहे. लाठी त्यांनी उचलली नाही. पण मोहिमेची पद्धत पाहा. गावोगाव पहाटे शिट्ट्या वाजवत पथकं हिंडली. उघड्यावर बसलेल्याला लाजवायचं, हार घालायचे, फोटो काढायचे, रेशन तोडायची धमकी द्यायची. लाजवायचं कुणाला? ज्याच्याकडं जागा नाही, पाणी नाही, त्याला. म्हणजे पुन्हा आपल्यालाच. ज्या गावात आधीच तुमच्याबद्दल किळस आहे, त्या गावाच्या हातात सरकारनं किळस करायचा परवाना दिला तर काय होईल, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर टीकेला अर्थ नाही. संडास बांधले गेले हे खोटं नाही. सरकारी आकडा दहा कोटींच्या वर आहे. आकड्यातले काही पडके असतील, काहींत गोवऱ्या भरल्या असतील. तरी आमच्याच वस्तीत काही मायबहिणींची अंधाराची वाट पाहायची सक्ती संपली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ते मोलाचं आहे.

पण संडास बांधून काम संपतं का? खड्डा भरतो. टाकी तुंबते. ती कोण उपसतो? हा सवाल मानपत्रात नाही. हातानं मैला उचलायला लावणं १९९३च्या कायद्यानं बंद केलं. २०१३ साली नवा कायदा आला. २७ मार्च २०१४ रोजी सुप्रीम कोर्टानं सांगितलं की १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या घरच्यांना दहा लाख द्या. २०२३ साली तेच कोर्ट तीस लाखांवर आलं. रक्कम वाढवावी लागली, कारण माणसं मरायची थांबली नाहीत. दोन कायदे, दोन निकाल, आणि तरी गटारात उतरणारा माणूस जातीनंच ठरतो.

त्याच २०१९ सालच्या २४ फेब्रुवारीला कुंभमेळ्यात पंतप्रधानांनी पाच सफाई कामगारांचे पाय धुतले. सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. मला विचाराल तर गटारात उतरणाऱ्याला पाय धुणारा नको आहे. त्याला यंत्र पाहिजे, कायम नोकरी पाहिजे, आणि त्याच्या पोराला त्या गटारापासून सुटका पाहिजे. पाय धुतल्यानं धुणारा मोठा होतो. ज्याचे धुतले तो दुसऱ्या दिवशी पुन्हा झाडू घेऊन उभा.

पुरस्कार घेताना पंतप्रधानांनी तो देशवासीयांना अर्पण केला. फार छान. पण ज्यांनी खड्डे उपसले त्यांच्यातलं एक माणूसही त्या व्यासपीठावर नव्हतं. या विदर्भाच्या मातीत शेंडगावला जन्मलेले गाडगेबाबा आयुष्यभर हातात खराटा घेऊन गावं झाडत हिंडले. लोकांनी दिलेल्या पैशातून धर्मशाळा आणि शाळा उभ्या केल्या, स्वतः गाडगं आणि चिंध्यांत राहिले. बाबासाहेबांनंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ला गेले. न्यूयॉर्कला त्यांचं नाव कोणाला ठाऊक? त्यांना त्याची गरजही नव्हती. फरक एवढाच की त्यांच्या गोष्टीत झाडणारा आणि मान मिळणारा माणूस एकच होता.

मग कुठलाच पुरस्कार खरा नसतो का? असतो. बाबासाहेबांचं पाहा. सप्टेंबर १९५१ मध्ये हिंदू कोड बिलाच्या सवालावर त्यांनी मंत्रिपद सोडलं. पहिल्या लोकसभा निवडणुकीत मुंबईत हरले. हातात ना खातं, ना खुर्ची. आणि ५ जून १९५२ रोजी कोलंबिया विद्यापीठानं त्यांना डॉक्टरेटची सन्माननीय पदवी दिली. त्या पदवीतून विद्यापीठाला कुठलं कंत्राट मिळणार नव्हतं. याला मी पुरस्कार म्हणतो. इकडं आपल्या देशात १९५४ साली भारतरत्न सुरू झालं. त्याच साली आपल्या विदर्भातल्या भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेबांना पाडलं गेलं. नेहरूंना १९५५ साली आणि इंदिरा गांधींना १९७१ साली, दोघांनाही पंतप्रधानाच्या खुर्चीवर बसून भारतरत्न मिळालं. बाबासाहेबांना मिळालं १९९० साली. जाऊन चौतीस वर्षं झाल्यावर.

आणि नाकारणाराही एक सांगतो. १९७३ सालचं शांततेचं नोबेल अमेरिकेचे हेन्री किसिंजर आणि व्हिएतनामचे ले डक थो या दोघांना मिळून जाहीर झालं. थो म्हणाले, अजून आमच्या देशात शांतता आलेली नाही, मी घेत नाही. लढाई पुढं १९७५ पर्यंत चालली. ज्याच्या देशावर बॉम्ब पडले त्यानं नकार दिला, ज्याच्या देशानं टाकले त्यानं घेतला. पुरस्काराची किंमत त्या एका नकारानं ठरवली.

हे सगळं दुसऱ्यांबद्दल बोलून मी मोकळा होऊ शकत नाही. मित्रांनो, आपल्या आत काय चाललं आहे? 'समाजभूषण', 'समाजरत्न', 'भीमरत्न'. कधी नोंदणी फी भरून, कधी एखाद्या आमदाराच्या मागंपुढं करून. मला स्वतःला एकदा एका पुढाऱ्यानं स्टेजवर बोलावून शाल दिली. महिनाभरानं आमच्या वस्तीच्या घरपट्ट्यांचा सवाल घेऊन त्याच्याविरुद्ध मोर्चा काढायचा होता. मी दोन दिवस टाळाटाळ केली. शाल आडवी आली. शेवटी गेलो, पण ते दोन दिवस माझ्या खात्यावर आहेत. लाच फक्त पैशाचीच नसते हे मला तेव्हा कळलं. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडं नेते, असं बाबासाहेबांनी संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बजावलं होतं. आपण त्यांचं भाषण फ्रेम करून भिंतीला लावलं आणि खाली शालींचा ढीग केला.

त्या पोराला आता मी उत्तर देतो. बेटा, यानं काही केलं असेलही. पण तू पुरस्कार देणाऱ्याचं नाव वाचू नको, त्याला काय पाहिजे ते वाच. पुरस्कार मिळाला तेव्हा घेणारा खुर्चीवर होता की खुर्ची सोडून बसला होता, ते पाहा. आणि शेवटी ज्याच्या नावानं पुरस्कार मिळाला, त्या माणसाकडं जा. भूमिहीनाकडं जा, गटारातल्या माणसाच्या विधवेकडं जा, आणि मानपत्र तिला वाचून दाखव. ती खाली अंगठा करायला तयार असेल तर फ्लेक्स लाव. मी स्वतः दोरी बांधायला येतो.

नसेल, तर ती दोरी मोर्च्याच्या बॅनरला राहू दे.

जय भीम.