हिरवे झालेले अर्धे तळे

कॅनडातील ‘२२६ क्रमांकाच्या’ तळ्याचे छायाचित्र शिक्षकांनी पाहिले असेल. १९७३ साली डेव्हिड शिंडलर यांच्या गटाने तळ्यात आडवा पडदा लावून दोन्ही भागांत कार्बन व नायट्रोजन मिसळले. फॉस्फरस मात्र एकाच भागात. तोच भाग नील-हरित शेवाळाने माखला. पुरावा म्हणून चित्र बिनतोड! पण त्याने पाण्याचा रंग पाहूनच निकाल देण्याची सवय लागते, ही त्याची उणीव. चांदिवलीच्या शाळांना जवळ असलेल्या पवई तलावातली जलपर्णी काढली, की पाणी मोकळे दिसते. जलपर्णीबरोबर थोडा फॉस्फरस जातोही. सांडपाणी तो पुन्हा आणून देते. म्हणून चित्रासोबत चाचणीही दाखवावी : आम्लयुक्त अमोनियम मॉलिब्डेट व ॲस्कॉर्बिक आम्ल घातल्यावर येणारा निळा रंग जितका गडद, तितके फॉस्फेट जास्त.