दाद मिळते, इस्लाह मिळत नाही

वाचकाकडून लेखकाला काय हवे असते? उर्दूच्या परंपरेत त्यासाठी दोन नेमके शब्द आहेत : दाद आणि इस्लाह. मुशायऱ्यात शेर आवडला की 'वाह' उठते, 'मुकर्रर' म्हणत तो पुन्हा ऐकवायला लावतात, ही दाद. उस्ताद शागिर्दाचा सैल मिसरा घट्ट करतो, एक शब्द काढून दुसरा बसवतो, ही इस्लाह. मुन्शी हरगोपाल तफ्ता आपल्या कविता टपालाने गालिबकडे पाठवीत आणि गालिब त्या दुरुस्त करून परत धाडीत. काय खटकले आणि का खटकले, हेही ते पत्रात कळवीत. दादेने लेखक उभा राहतो, इस्लाहने पुढे जातो.

आम्हा मुस्लिम मराठी लेखकांच्या वाट्याला यातले काय आले? १९९० साली सोलापूरला प्रा. फ. म. शहाजिंदे यांच्या अध्यक्षतेखाली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद डॉ. यू. म. पठाण यांनी भूषविले. व्यासपीठ मिळाले, शाल-श्रीफळ मिळाले. ते मिळायलाच हवे होते. ज्याच्या लेखनाची कुणी दखलच घेत नाही, त्याची लेखणी हळूहळू सुकते. पण इस्लाहचे काय?

आमच्यापुढे दोन वाचक आहेत. एक म्हणतो, "तुमचं मराठी किती छान आहे हो!" मराठी आमची मायबोली आहे, हे या कौतुकात तो विसरलेला असतो. तो पुस्तकाचे परीक्षण लिहितो तेव्हा तलाक, बुरखा, मोहरम यांची माहिती मिळाली म्हणून आभार मानतो. पात्रे जिवंत झाली की नाही, यावर चकार शब्द नसतो. दुसरा वाचक घरचा. त्याची पहिली शंका, "यात आपली बदनामी तर नाही ना?" ती फिटली की तो 'आपला माणूस' म्हणून पाठ थोपटतो. दोघेही लेखकाचे नाव वाचतात, त्याचे वाक्य वाचत नाहीत.

याचे ठळक उदाहरण हमीद दलवाई. १९६६ चा मोर्चा आणि १९७० चे मुस्लिम सत्यशोधक मंडळ यांवर आपण आजही तावातावाने बोलतो. पण १९६५ च्या 'इंधन' या कादंबरीकडे कादंबरी म्हणून किती जण पाहतात? तिचा निवेदक आजारी आहे, अनेक वर्षांनी कोकणातल्या गावी परतला आहे. गाव पेटताना तो पाहतो, पण थांबवू शकत नाही. असा निवेदक लेखकाने का निवडला? त्याच्या हतबलतेने कादंबरीला धार आली की मर्यादा? दलवाईंची मते मान्य असोत वा नसोत, हे प्रश्न विचारता येतात. ते न विचारल्याने दलवाईंचे नुकसान झालेच. त्यांच्यानंतर लिहिणाऱ्यांचे अधिक झाले.

शाहिराचे बरे असते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेखांना कोणती ओळ पोचली, हे समोरचा जमाव तिथल्या तिथे सांगे. छापील पुस्तकाच्या लेखकाला ते सुख नाही. त्याला कुणी काही सांगितले नाही, तर टाळ्या मिळालेली कविताच तो पुन्हा लिहितो. आमच्यातल्या अनेकांचा दुसरा संग्रह पहिल्यासारखाच का असतो, याचे उत्तर इथे आहे.

उपाय फार मोठा नाही. पुस्तक विकत घ्यावे, वाचावे आणि लेखकाला चार ओळी कळवाव्यात : एक जागा आवडली ती, एक खटकली ती, कारणासह. संमेलनात सत्काराचा वेळ थोडा कमी करून एका पुस्तकावर तासभर मोकळी चर्चा ठेवावी. आणि लेखकांनीही टीका ऐकून घेण्याची सवय लावून घ्यावी. खटकलेली ओळ दाखवणारा वाचक दुश्मन नसतो. त्याने ती ओळ नीट वाचलेली असते.