‘बाल वैज्ञानिक’: उत्तरं नसलेलं पुस्तक

पाठ्यपुस्तकाची समीक्षा सहसा कुणी करत नाही. आज आपण ‘बाल वैज्ञानिक’ घेऊ या. मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाचं, सहावी ते आठवीसाठीचं हे हिंदी पुस्तक.

पुस्तक उघडलं की आधी जाणवतं ते हे, की यात तयार उत्तरं नाहीत. प्रयोग करा, दिसेल ते लिहा, चौघांच्या गटात चर्चा करा. आपल्याकडे प्रयोगवहीत निष्कर्ष आधी उतरवतात आणि निरीक्षणं त्याला जुळवून घेतात. इथे ती सोय नाही.

पण आमच्या मते या कार्यक्रमाचं खरं धाडस परीक्षेत होतं. लेखी परीक्षेला पुस्तक सोबत न्यायची मुभा, शिवाय प्रत्यक्ष प्रयोगाची परीक्षा. पाठांतराचा उपयोगच उरला नाही, म्हणून प्रयोगाला किंमत आली.

मर्यादाही तिथेच. आठवी संपली की नववीत जुनंच पुस्तक आणि जुनीच परीक्षा. माध्यमिक वर्गांपर्यंत हा बदल पोचलाच नाही, आणि २००२ साली सरकारने कार्यक्रमच बंद केला.

आता आपल्याकडे बघा. महाराष्ट्रात दहावीला विज्ञानाचे ४० गुणांचे दोन लेखी पेपर आणि अंतर्गत मूल्यमापनाला २० गुण. ‘कृतीतून शिक्षण’ हे शब्द मात्र सगळ्यांच्या तोंडी. तेव्हा प्रयोगशाळेला कुलूप का, असं शिक्षकांना विचारण्याआधी आपण प्रश्नपत्रिका वाचायला हवी.