पडद्यावरचा फासा

वर्गात नाट्यीकरण घेणाऱ्या शिक्षकांचा एक अनुभव आहे. पात्रे ठरवून दिली, पण संवाद दिले नाहीत, की मुले आपल्याला न सुचलेल्या वाटा काढतात. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी प्रसिद्ध केलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ याच गोष्टीवर चालतो. चारपाच जण जमतात. एक सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो, बाकीचे आपापले पात्र काय करते ते सांगतात, आणि ते जमले की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. पट नसला तरी चालते.

मंडळी गावोगाव पांगली, की एकत्र बसायचे कसे? त्यासाठी संगणकावर आभासी टेबले आली. त्यांपैकी २०१२ चे ‘रोल२०’ आणि २०२० चे ‘फाउंड्री’ ही दोन बरीच वापरली जातात. त्यांचे कौतुक पुष्कळ झाले आहे. आम्हाला थोडी तक्रार करायची आहे.

आधी फाशाविषयी. भूमितीतला विंशतिफलक हातात खुळखुळवायचा त्याऐवजी इथे संगणक एक संख्या काढून देतो. ‘आज फासा बिघडलाय’ ही खेळाडूंची नेहमीची कुरकूर. शंभर वेळा फासा टाकला तर १७ हा अंक एकदाही न येण्याची संभाव्यता ०.९५ चा शंभरावा घात, म्हणजे सुमारे ०.६ टक्के. पण वीसपैकी कोणता तरी एक अंक मुळीच न येण्याची संभाव्यता ११ टक्क्यांहून जास्त भरते! म्हणजे शंभर फासे टाकणाऱ्या साधारण दर नऊ मंडळांत एकाला आपला फासा सदोष वाटणार, आणि तो निर्दोष असणार. गंमत अशी, की साच्यातून काढलेला स्वस्त प्लॅस्टिकचा फासा नेमका समतोल असेलच असे नाही, तरी त्याच्यावर कोणी संशय घेत नाही. तो सर्वांच्या डोळ्यांदेखत पडतो ना! या बाबतीत साधनांनी एक चांगली सोय केली आहे: पडलेला प्रत्येक अंक सर्वांसमोर नोंदला जातो.

नकाशाचे मात्र तसे नाही. भिंती आखून दिल्या, की प्रत्येक पात्राला उभ्या जागेवरून काय दिसेल हे संगणक सरळ रेषांच्या हिशेबाने काढतो आणि उरलेला भाग काळा ठेवतो. प्रकाश सरळ रेषेत जातो हे शिकवायला इतके सुंदर प्रात्यक्षिक शोधून सापडणार नाही. पण खेळात ‘कोपऱ्यामागे काय आहे?’ हा प्रश्न कोणी विचारायचा, तो आता विचारलाच जात नाही. शिवाय प्रत्येक खोलीच्या भिंती सूत्रधाराने आदल्या रात्री आखायच्या. एवढे कष्ट घेतलेला माणूस खेळाडूंना नकाशाबाहेर सुखाने जाऊ देईल का? मुलांनी भलतीच वाट धरली, की टाचण केलेल्या शिक्षकाची जी चुळबुळ होते, तीच ही.

दुसरी तक्रार स्मृतीची. गूगलच्या ‘वेव्ह’ या साधनावर २००९ मध्ये अनेक हौशी मंडळांनी खेळ मांडले. लिहिलेला मजकूर कसकसा बदलत गेला ते त्यात मागे जाऊन पाहता येई. आमच्या मते ही कल्पना फार मोलाची होती. २०१० मध्ये गूगलने त्याचा विकास थांबवला आणि २०१२ मध्ये ते बंद झाले. मग यातली बरीच मंडळी ‘गूगल प्लस’वर जमली. तेही एप्रिल २०१९ मध्ये सामान्य वापरासाठी बंद झाले. ज्यांनी वेळीच उतरवून घेतले नाही त्यांच्या चर्चा गेल्या. ‘फाउंड्री’ स्वतःच्या संगणकावर चालवता येते, त्यामुळे वही आपल्या कपाटात राहते. मात्र तो संगणक चालू ठेवणारा एक चिकट माणूस मंडळात हवा.

आम्हाला निवड करायची झाली, तर सर्वांचे आवाज, सर्वांना दिसणारा फासा आणि एक कोरी पाटी एवढेच घेऊ. नकाशा लागलाच तर पात्रे तिथे पोहोचल्यावर काढावा.