किसा गोतमी : एक अपुरे वाचन

किसा गोतमीची कथा आपल्या विहारांतून जितक्या वेळा सांगितली जाते, तितक्या वेळा दुसऱ्या कोणत्याही थेरीची कथा क्वचितच सांगितली जात असेल. जलदानविधीच्या प्रसंगी वक्ता उभा राहतो आणि मृत बालक, दारोदार मोहरी मागणारी माता व 'मृत्यू कोणास चुकला आहे?' हा प्रश्न, एवढे पाच मिनिटांत आटोपते. काही वर्षांपूर्वी एका उपासकाच्या घरी अकरा दिवसांचे मूल गेले, तेव्हा हे काम आमच्याकडे आले. आम्हीही कथा अशीच सांगितली. ती संपण्यापूर्वीच त्या बालकाची आई उठून आत गेली. त्यानंतर मूळ पाली ग्रंथ पुन्हा उघडून पाहिले असता, आपले हे सांगणे अपुरे, किंबहुना मुळाच्या विरुद्ध जाणारे आहे, असे आमचे मत झाले.

पहिली गोष्ट ही की, मोहरीचा प्रसंग थेरीगाथेतील किसा गोतमीच्या गाथांत नाही. तो पुढे अट्ठकथांनी जतन केला आहे. गाथांत आहे ते स्त्रीजीवनाचे दुःख : सवतीचा जाच, प्रसूतीच्या यातना, आई आणि गर्भ या दोघांचाही नाश. त्यापुढील दोन गाथांत वाटेतच प्रसूत झालेली, पती व दोन्ही मुले गमावलेली, आईवडील आणि भाऊ एकाच चितेवर जळताना पाहणारी स्त्री बोलते. हे वृत्त गोतमीचे नव्हे, पटाचारेचे आहे. अट्ठकथाकारानेही ते तसेच घेतले आहे. गाथांची सरमिसळ झाली, असे म्हणून अभ्यासक येथे थांबू शकतो. आम्हांस मात्र ही सरमिसळ अर्थपूर्ण वाटते. जिचे स्वतःचे मूल गेले, तिच्या मुखी दुसऱ्या मातेचे दुःख आले आहे.

आता अट्ठकथेकडे वळू. गोतमी गरीब घरची. सासरी तिची अवहेलना होत असे, आणि मुलगा झाल्यावरच तिला मान मिळाला. तो चालू लागण्याच्या वयात गेला. म्हणजे तिने गमावले ते केवळ मूल नव्हे. प्रवचनांतून हा भाग बहुधा गाळला जातो, याचे आम्हांस आश्चर्य वाटते. सासुरवास आमच्या श्रोत्यांतील स्त्रियांना समजावून सांगावा लागत नाही! प्रेत कडेवर घेऊन ती औषध मागू लागली, तेव्हा मेलेल्याला कसले औषध, असे लोक म्हणाले. तथागतांनी मात्र तिला वेडी ठरविले नाही. धम्मपद-अट्ठकथेनुसार, औषध ठाऊक आहे, असेच त्यांनी सांगितले. ज्या घरात कोणी मेले नाही, तेथून 'सिद्धत्थक' म्हणजे पांढरी मोहरी आणावयास धाडले. मोहरी प्रत्येक घरी होती, अट मात्र कोठेच पुरी होत नव्हती. येथे ध्यानात घेण्याजोगे हे की, तिच्या हातून मूल कोणी हिसकावून घेतले नाही. ते घेऊनच ती फिरली, घरोघरचे मृत्यू ऐकले, आणि स्मशानात त्याला स्वतःच्या हातांनी ठेवून आली. आम्ही पाच मिनिटांत जे सांगतो, ते तिला कोणी सांगितलेच नव्हते. ती ते चालत गेली होती.

याउलट मज्झिमनिकायातील पियजातिक सुत्त पाहावे. एका गृहपतीचा लाडका एकुलता एक मुलगा वारला आहे. त्याला काम सुचत नाही, अन्न गोड लागत नाही. स्मशानात जाऊन तो मुलाला हाका मारतो. शोक प्रियजनांतूनच उपजतो, असे तथागत त्याला सांगतात. त्याला ते पटत नाही, आणि तो नाराज होऊन निघून जातो. प्रत्यक्ष तथागतांच्या मुखातून आलेले सत्यही शोकमग्न पित्याला त्या घडीला स्वीकारता आले नाही, ही नोंद तिपिटकाने लपवून ठेवलेली नाही. मग आमच्यासारख्यांनी एखाद्या मातेकडून काय अपेक्षा करावी?

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात विशाखेच्या व किसा गोतमीच्या सांत्वनाला स्वतंत्र स्थान दिले. हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, 1957 साली, प्रसिद्ध झाला. त्यात गोतमीचे मूल सर्पदंशाने जाते. अट्ठकथेत कारण दिलेले नाही. परंतु हे लिहिणारा पुरुष स्वतः चार अपत्ये गमावलेला पिता होता, याचे भान वाचकाने ठेवले पाहिजे. 1926 साली राजरत्न गेल्यावर त्यांनी दत्तोबा पवारांना लिहिलेल्या पत्रात, आपण आणि रमाई या आघातातून सावरलो असे भासविण्यात अर्थ नाही, अशा आशयाची कबुली आहे. अशा पित्याने लिहिलेली गोतमी शोक आवरण्याचा हुकूम म्हणून वाचणे आम्हांस अन्यायाचे वाटते.

त्या घरी आम्ही पुढे एकदा गेलो. कथा सांगितली नाही. बराच वेळ गेल्यावर त्या मातेने बालकाचे ठेवलेले नाव सांगितले. जलदानविधीच्या दिवशी ते आम्ही विचारलेच नव्हते.